बालेवाडीचं वेळापत्रक

“मॅच चारला आणि साताऱ्यातून आपण सकाळी सहाला निघायचं?” मी विचारलं. माझ्या नवऱ्याने एसटीत तीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं सांभाळली. आता आमच्या लेकीच्या, धनूच्या, पुण्यातल्या रग्बी फायनलसाठी त्यांनी आमचंही आखलं होतं, अगदी चांदणी चौकातल्या ट्रॅफिकच्या मिनिटांसकट.

“धनू म्हणाली, स्टेडियमच्या दारात पार्किंग आहे,” मी म्हटलं.

“तिथे गाडी अडकते. बाणेरच्या रस्त्याला लावू.”

“आणि तिथून चालू? माझ्या गुडघ्यांना विचारलंत?”

“खुर्च्याही दाराजवळच्याच धरायच्या.”

“अहो, अर्ध्यातून उठायला तो काय सिनेमा आहे?”

ते पेन्सिलीला टोक काढत बसले. मग खाली बघतच म्हणाले, “मागच्या वर्षी तिचा खांदा निखळला, तेव्हा पार्किंगमधून बाहेर पडायला पाऊण तास लागला. या वेळी मी पळत जाऊन गाडी मागच्या दाराला आणीन. तिथून हाडांचं हॉस्पिटल सात मिनिटांवर आहे. परवा बघून आलो.”

परवा हा माणूस मला मित्राच्या वास्तुशांतीला जातो म्हणाला होता.

“बरं, बाणेर तर बाणेर,” मी म्हटलं. धनूचं इन्शुरन्सचं कार्ड मी कालच गुपचूप पर्समध्ये ठेवलं होतं.