सतरा नंबरचा बिल्ला

हौशी गळवाल्यांचा लाडका मासा खाडीत कुठे राहतो, किती उरलाय, हे शोधायला मत्स्यसंशोधक असलेली ती त्याच्या पोटात टिकटिकणारे बारीक बिल्ले बसवायची. बिल्ल्याची टिकटिक माणसाला ऐकू येत नाही. पाण्यात सोडलेलं यंत्रच ती टिपतं.

सतरा नंबरचा बिल्ला तिने गळ घेऊन निघालेल्या बाबांकडे दिला होता, मासा लागला तर त्यात बसवून परत सोडायला.

"तूही चल की होडीतून."

"बाबा, मला मरायला फुरसत नाही."

संध्याकाळी होडी रिकामी सापडली.

तेव्हापासून रोज चारच्या ठोक्याला, बाबांच्या चहाच्या वेळी, यंत्रात सतरा नंबर उमटायचा.

आज तिने यंत्र दुरुस्तीसाठी वर काढलं, पुसून प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवलं. चार वाजले. सतरा उमटला.

"आज वेळ आहे मला, बाबा," ती मागे न बघता पुटपुटली.

खुर्चीच्या अगदी मागे तिला टिकटिक ऐकू आली.