नकाशांच्या खोलीतला माणूस

साय तेवढी बशीत काढून ठेवलेली होती आणि पेलाभर दूध गायब होतं. इस्पितळाच्या मुख्य नर्स असलेल्या मोठ्या बाईंच्या मनात पाल चुकचुकली. चार दिवसांतली ही तिसरी वेळ. आधी पाव, मग पट्ट्यांचं एक भेंडोळं, आणि आता दूध.

"दूध कुणी घेतलं?" त्यांनी विचारलं.

"मी प्यायले, बाई," ढोरवैद्य म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नव्हतं."

"आणि ही साय?"

"मला आवडत नाही."

गोठ्यात वाढलेली मुलगी आणि म्हणे साय आवडत नाही! हे लाड दुसऱ्याच कुणाचे तरी होते. असले लाड कुणी लावून ठेवले असतील, असं मनात म्हणत बाईंनी बशी उचलली.

ढोरवैद्य हे नाव वॉर्डानं ठेवलेलं. तिचा बाप खेड्यात गुरांची दुखणी बघायचा आणि ती त्याच्या हाताखाली तयार झालेली. लढाई पेटली, भरतीवाले गावात आले आणि ती लष्कराची नर्स झाली. चिकटलेली पट्टी सोडवताना ती जवानाच्या मानेवर थोपटून "हो, हो, झालं रे राजा" म्हणायची आणि सहा फुटी गडी बैलासारखे गप राहायचे. मोठ्या बाई नाक मुरडायच्या. पण तिनं बांधलेली जखम चिघळत नाही, हे त्यांनाही नाकारता येत नव्हतं.

इस्पितळ एका शाळेत थाटलेलं होतं. चार दिवसांपूर्वी कैद्यांच्या वॉर्डातून, म्हणजे मोठ्या बाईंच्याच ताब्यातून, पायाला गोळी लागलेला शत्रूचा एक शिपाई निसटला. नव्यानं आलेल्या कप्तानानं फळ्यावर खडूनं हुकूम लिहवून घेतला. निसटलेला कैदी सापडला तर त्याची रवानगी युद्धकैद्यांच्या छावणीत. आपलाच शिपाई आघाडीवरून पळून आला असेल तर त्याला गोळी. आणि दोघांपैकी कुणालाही आसरा देणाऱ्याला तुरुंग.

"योग्यच आहे," बाई सगळ्या नर्सांसमोर म्हणाल्या होत्या. "माझाही मुलगा आघाडीवर आहे. तो पळून आला तर मीच त्याला साहेबांच्या हवाली करीन."

कुणी मान वर केली नाही. बाई बोलतात तसं करतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीस वर्षांत त्यांनी तापाच्या तक्त्यात अर्धा अंशसुद्धा खोटा लिहिला नव्हता.

खरं तर दोन महिने मुलाचं पत्र नव्हतं आणि बाईंचा जीव टांगणीला लागला होता. हा निसटलेला माणूस आपल्या लोकांत पोचला, की उद्या माझ्याच लेकरावर नेम धरेल, या विचारानं त्यांना घास गिळवत नव्हता. म्हणून त्या डोळ्यांत तेल घालून ढोरवैद्याच्या मागावर राहिल्या.

त्या दुपारी पट्ट्या गुंडाळताना तिनंच विषय काढला.

"बाई, तुमच्या मुलाचं पत्र आलं का?"

"तुला कशाला नसत्या चौकशा?"

"सहज." तिनं हातातली पट्टी गुंडाळून ठेवली आणि म्हणाली, "आमच्याकडे लंगडत दारात आलेलं जनावर हाकलत नाहीत, बाई. ज्याचं त्याला मिळेपर्यंत बांधून ठेवतात, चारा घालतात."

"हे इस्पितळ आहे. गोठा नाही."

ढोरवैद्य ओठ चावून उठली. बाईंना वाटलं, ही तर निम्मी कबुलीच झाली.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ती धुतलेल्या पट्ट्यांची बादली घेऊन मागच्या अंगाला गेली. बाई भिंतीच्या आडोशाला उभ्या राहिल्या. तिकडे शाळेचे जुने नकाशे ठेवायची एक खोली होती. ढोरवैद्यानं इकडेतिकडे बघितलं, आत शिरली आणि दार ओढून घेतलं. आतून कुणीतरी कण्हलं. मग तिचा आवाज आला, "हो, हो, झालं रे राजा."

बाई तडक कप्तानाकडे गेल्या.

"लपवलंय कुणी?" त्यानं विचारलं.

"दार उघडल्यावर सांगते. पुरावा हातात आल्याशिवाय मी कुणाचं नाव घेत नाही."

"मी त्याला पाहिलेलं नाही, बाई. ओळख तुम्हालाच पटवावी लागेल."

"पटवीन. रोज त्याची पट्टी मीच बदलत होते."

कप्तान आणि दोन शिपाई घेऊन त्या परतल्या तेव्हा ढोरवैद्य बाहेर दोरीवर पट्ट्या वाळत घालत होती. शिपाई दिसताच ती धावत येऊन दाराला पाठ लावून उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, आधी तुम्ही एकट्या आत चला. एवढं एकच ऐका माझं."

"साहेबांपासून लपवावं असं माझं काही नाही," बाई म्हणाल्या. "हो बाजूला."

त्यांनी स्वतःच्या हातानं दार ढकललं.

आत बाकं जोडून बिछाना केलेला होता. त्यावर एक तरुण भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली, अंगात इस्पितळाचा सदरा, उजव्या पायाला स्वच्छ पट्टी. बंदुका बघूनही तो जागचा हलला नाही.

मोठ्या बाई उंबरठ्यावरच थांबल्या.

"हाच ना तो?" कप्तानानं विचारलं. "बाई? ओळखता ना याला?"

"चांगलं ओळखते," बाई म्हणाल्या. त्या सावकाश चालत बिछान्यापाशी गेल्या. "हाच तो निसटलेला कैदी, साहेब. आणि याचा ठावठिकाणा मला या मुलीनंच सांगितला." मग त्या खाली वाकल्या आणि बेडीसाठी त्यांनी आपल्या मुलाचे दोन्ही हात पुढे केले.