तारीख उलटलेला माणूस

रक्त तपासून मृत्यूची तारीख सांगणारं डॉ. हेमांगी टिळेकरांचं गणित तीस वर्षांत कधीच चुकलं नव्हतं. म्हणूनच सांगलीचे भालचंद्र खोत तारीख उलटून महिना झाला तरी जिवंत आहेत, हे कळताच त्या स्वतः त्यांच्या घरी गेल्या.

हार घातलेल्या स्वतःच्याच फोटोखाली खोत शेंगा सोलत बसले होते.

"माझं गणित चुकलं. तुमचे यजमान जिवंत आहेत," हेमांगीबाई त्यांच्या पत्नीला म्हणाल्या.

"असं बोलू नका, बाई. आम्ही तेरावं घातलंय."

"सुमन, जरा पाणी दे गं," खोत म्हणाले.

सुमनबाईंनी वळूनही पाहिलं नाही. शेवटी हेमांगीबाईंनीच उठून पाणी दिलं.

खोतांनी त्यांचा हात घट्ट धरला. "मॅडम, मला एखादी नवी तारीख सांगा. तोवर तरी ही माझ्याशी बोलेल."