सूट घालून या

“उद्या दुपारी चारला ऑफिसात या. सूट घालून,” एवढं बोलून क्लबच्या माणसाने फोन ठेवला.

सौमित्रला पुढचं सांगावं लागलं नाही. जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये ऑक्टोबरात हा फोन आला की नारळ मिळाला समजायचं. टोकियोच्या एदोगावा भागात वाढलेल्या सौमित्रचा हा पाचवा क्लब. म्हणजे याआधी चारदा सूटला इस्त्री झाली होती. या वेळी तो तेहतीस वर्षांचा होता आणि खांदा गेला होता. सहावा क्लब मिळणार नव्हता. त्याच्या बायकोला, नुपूरला, सातवा महिना लागला होता.

“काहीही काम माग,” ती टाय सारखा करत म्हणाली. “बॅगा उचलायच्या असल्या तरी हो म्हण.”

नागोयातल्या ऑफिसपर्यंत किशिदाने गाडीने सोडलं. अठराव्या वर्षी पहिल्या क्लबच्या वसतिगृहात दोघे एका खोलीत राहिले होते. भटकून भटकून या क्लबात पुन्हा एकत्र आले होते. किशिदाचाही हंगाम यथातथाच गेला होता, पण त्याला फोन आला नव्हता. फोन यायचे ते आज पाचपर्यंतच. त्याने मोबाइल डॅशबोर्डवर उपडा घातला होता. सौमित्रला त्याचा हेवा वाटला आणि मग हेव्याची लाज वाटली.

“मी खाली थांबतो,” किशिदा म्हणाला. “आज एकट्याने घरी जायचं नाही.”

वर अधिकाऱ्यांनी चहा दिला, वाकून आभार मानले. सौमित्रने लाज सोडून काम मागितलं. कुठलंही चालेल म्हणाला.

एक जागा कालपासून रिकामी होती. खेळाडूंशी संपर्क ठेवायला माणूस हवा होता. आधीचे गृहस्थ कालच सोडून गेले होते. काम सोपं, पण त्यावर कुणी टिकत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

“आत्तापासून जमेल?”

“जमेल,” सौमित्र म्हणाला. दगडापेक्षा वीट मऊ. त्याने लगेच नुपूरला मेसेज केला. तिचं उत्तरही आलं: देव पावला.

त्याला खिडकीजवळचं टेबल मिळालं. टेबलावर फोन होता, शेजारी एका नावाची चिठ्ठी. पाचला दहा कमी होते. त्याने नंबर फिरवला. खाली गाडीत किशिदाने मोबाइल उलटा करून पाहिला आणि बऱ्याच वेळाने कानाला लावला.

“किशिदा-सान,” सौमित्र म्हणाला, “उद्या दुपारी चारला ऑफिसात या. सूट घालून.”