मंगळावरचा चंद्रोदय

कालिंदीबाईंची मंगळावरची ही पहिलीच संकष्टी होती. भिंतीवरच्या पडद्यावरच्या पंचांगात चंद्रोदयाची वेळ मात्र साताऱ्याची दिसत होती आणि ती इथल्या घड्याळाने उद्या दुपारची होती. सकाळपासून उपाशी असूनही त्या ऐकेनात. "चंद्र उगवल्याशिवाय घास नाही."

त्यांची सून ऋजुता वस्तीचा डेटाबेस सांभाळायची. तिने पडद्यावरची वेळ बदलली.

"पंचांग खोटं केलंस?"

"नाही हो आई. आतली नोंद तीच आहे, पडद्यावर फक्त इथल्या आकाशाची वेळ लावली."

तेवढ्यात खिडकीत मंगळाचा इवलासा चंद्र वर आला. कालिंदीबाईंनी नैवेद्य दाखवून मोदक खाल्ला.

मग त्यांनी पडद्यावरची पुढची वेळ वाचली. "अगं, हा पहाटे परत उगवतोय!"

"रोज दोनदा उगवतो."

"मग उरलेले मोदक झाकून ठेव. रात्रभर झोपेत काही खाणार नाही, म्हणजे तोही उपासच!"