टाक

मालवणच्या तंबूतला तोच रडका सिनेमा बघायला गुरुदास चौथ्यांदा निघाला, तशी भागीरथीच्या अंगाची लाही लाही झाली.

"त्या नटीत असां काय आसा, ता आज माकाय बघूक होया," म्हणत तीही निघाली.

तंबूत दोरीच्या अल्याड बायका, पल्याड पुरुष. दोघं दोरीला लागूनच बसली. नायिका आचके देऊ लागली. 'मर गो एकदा,' असं मनात म्हणत भागीरथीनं वळून पाहिलं. नवऱ्याच्या डोळ्यांना धार लागली होती, पण नजर पडद्याकडे नव्हती, तिच्याकडे होती. ती लाजली.

मग तिला कळलं, तो तिच्या गळ्यातला चांदीचा टाक बघत होता. त्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोच्या नावाचा, लग्नात रिवाजानं हिच्या गळ्यात बांधलेला.

तिनं पदर गळ्याशी घट्ट ओढला. तसा तो पुन्हा पडद्याकडे वळला.