बारा पुरुषांना आठवलेला दिवस

“तुला तो दिवस कसा काय आठवतो?” राजाच्या अंमलदाराने विचारलं.

“न आठवायला काय झालं, साहेब?” सायमन लोहाराने डावा पाय पुढे केला. गुडघ्याखाली तो वाकडा होता. “सेंट मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस. घरोघरी डुकरं कापून मीठ लावणं चाललेलं. मी छपरावरून पडलो आणि बोंब ठोकली. तर बायको म्हणते, जरा हळू ओरडा, मोठ्या घरी एव्हिसबाईंना पहिला मुलगा झालाय. एकवीस वर्षं झाली. मी विसरलो तरी पाय विसरू देत नाही.”

लोक हसले. कारकुनाने वाकडा पाय लिहून घेतला. हा सातवा साक्षीदार. आधीच्या सहांतल्या एकाचा त्या दिवशी बांध फुटला होता, एकाची आई गेली होती, एकाचं लग्न लागलं होतं. ज्याचं त्याचं दुःख ज्याच्या त्याच्या लक्षात.

एव्हिस भिंतीपाशी बाकावर बसली होती. बाईची साक्ष चालत नव्हती. बाळंत ती झाली होती, पण कधी झाली ते बारा पुरुष सांगणार होते. तिला त्याचं काही वाटलं नाही. गेली तीन वर्षं तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. बाहीचा सुटलेला दोरा ती बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची.

नवरा मेला तेव्हा मुलं लहान होती. वारस एकवीस वर्षांचा होईपर्यंत जमीन राजाकडे, असा कायदा. राजाने लढाईसाठी सर रेनाल्डकडून घोडे उधार घेतले होते. द्यायला पैसे नव्हते, म्हणून ही जमीन त्याला खायला दिली. दुसऱ्याच्या ताटातलं वाढून राजा मोकळा झाला. मुलं तेवढी आईकडे राहू दिली, कारण मुलांना खायला घालावं लागतं. रेनाल्ड लांब राहायचा. त्याच्या गाड्या मात्र यायच्या. त्यांनी ओकची झाडं तोडून नेली, तळं उपसून मासे नेले, शेवटी बियाण्याचे जवही नेले. मागच्या हिवाळ्यात गावात दोन घरची पोरं उपाशी मेली. असाच अजून चार वर्षं तो राहिला असता, तर साक्ष द्यायला गावात माणूस उरला नसता.

वारस मध्यभागी उभा होता. उंच, काटकुळा. रेनाल्डचा वकील त्याच्याभोवती फिरला, बाजारात वासरू बघावं तसा.

“ही दाढी आहे, की गालाला काजळी लागलीय?”

“त्याच्या बापालाही लग्न झाल्यावर दाढी आली, वकीलसाहेब,” वॉल्टर चक्कीवाला म्हणाला. “नवरा कोणता आणि नवरी कोणती, ते आम्ही टोपीवरून ओळखलं.”

या वेळी अंमलदारही हसला. एव्हिसने दोरा गुंडाळला.

बारावा साक्षीदार म्हातारा अ‍ॅडम. बाप्तिस्म्याला त्याने मेणबत्ती धरली होती. गरम मेण मनगटावर सांडलं होतं, तो डाग त्याने दाखवला. “बाळ रडलं नाही, साहेब. माझ्याकडे बघून हसलं. ऑस्बर्ट नाव ठेवलं,” तो म्हणाला. समोर उभ्या पोराकडे त्याने पाहिलं नाही. खिडकीतून चर्चकडे पाहिलं.

“बाईंना मुलगे दोन होते ना?” वकिलाने शेवटचा खडा टाकला. “दुसरा कुठाय?”

पाद्रीबाबा उठले. त्यांना शपथ दिलेली नव्हती. “धाकटा पियर्स. तीन वर्षांपूर्वी तापाने गेला. चर्चच्या मागे आहे. चला, क्रूस दाखवतो.”

वकील काही चिखलात जायला तयार नव्हता. अंमलदाराने कागद गोळा केले.

“वय सिद्ध झालं. ऑस्बर्ट, पुढे ये. जमीन तुझी.”

पोरगा हलला नाही. लोहाराने कोपर मारलं, तेव्हा पुढे झाला.

सगळे जवाची बिअर प्यायला पांगले. कुणीतरी एव्हिसच्या हातात पेला दिला. तिने तो तसाच बाकावर ठेवला आणि चर्चच्या मागे गेली. पोरगा मागोमाग आला. ओलं गवत, लाकडी क्रूस, त्यावर कोरलेलं नाव. एव्हिसला वाचता येत नव्हतं. तरी तिने त्या अक्षरांवरचं शेवाळ नखाने खरवडलं.

“बाराही जण खरं बोलले,” पोरगा म्हणाला. “कुणाची शपथ मोडली नाही.”

“हो. त्या दिवशी ऑस्बर्टच झाला होता.”

पोराने गालावरची विरळ दाढी चोळली. सतरा वर्षांच्या हनुवटीला ती अजून टोचत होती.

“आई, आता इथे कुणी नाही. एकदा तरी मला पियर्स म्हण.”

एव्हिसने ओठ उघडले. मग ती वाकली आणि क्रुसापाशी कोंबड्यांनी उकरलेली माती हाताने सारखी केली.

“ते नाव पांघरून तुझा भाऊ झोपलाय,” ती म्हणाली. “थंडीचे दिवस. त्याच्या अंगावरून ते कसं ओढून घेऊ?”